रांगेत उभे कोण राहणार? : ‘घाशीराम कोतवाल’ आणि नाचणाऱ्या पात्रांची निवड

नव्या नाटकासाठी नाचणारी पात्रे शोधावी लागल्याची कथा आपल्याकडे थेट नाट्यशास्त्रातच आलेली आहे. पहिल्या अध्यायात भरतमुनी आपल्या शंभर पुत्रांना हाताशी धरून प्रयोगाची तयारी करतात. भारती, सात्वती आणि आरभटी या तीन वृत्ती त्यांच्या बळावर सिद्ध होतात. ब्रह्मदेव सुचवतात की, यात कैशिकीचीही योजना कर. त्यावर भरतांचे म्हणणे असे की, सुकुमार अंगहारांनी आणि शृंगाराने युक्त अशी ही वृत्ती स्त्रियांवाचून केवळ पुरुषांना साधणारी नाही. तेव्हा ब्रह्मदेव मनातून अप्सरा निर्माण करतात आणि त्या भरतांच्या हवाली करतात. निर्मात्याच्या अंगी एवढे सामर्थ्य असले की पात्रनिवडीची चिंता उरत नाही. पुढे चौथ्या अध्यायात मात्र ऋषी एक अडचणीचा प्रश्न उपस्थित करतात. नृत्त हे गीताच्या अर्थाशी बांधलेले नाही, ते कोणताही भाव सांगत नाही, मग नाट्यात ते आणलेच कशासाठी? भरतांचे उत्तर थोडक्यात असे आहे की, नृत्ताला अशा प्रयोजनाची अपेक्षा नाही. ते शोभा निर्माण करते म्हणून योजले आहे.

नाचणार कोण आणि नाच कशासाठी, असे हे दोन प्रश्न आहेत. पहिला प्रश्न व्यवहाराचा मानून आपण दिग्दर्शकावर सोडतो आणि दुसरा सौंदर्यशास्त्राचा म्हणून वर्गात घेतो. आमचे म्हणणे असे आहे की, निदान मराठी रंगभूमीपुरते हे प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. रंगमंचावर हालचाल करण्यासाठी कोणाचे शरीर निवडले, यावर त्या हालचालीचा अर्थ ठरत आलेला आहे. ‘घाशीराम कोतवाल’ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. परंतु तेथे पोहोचण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

१

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा नाटकात नाचाला मानाचे स्थान होते. भाव्यांपुढे कर्नाटकातून आलेल्या भागवत मेळ्याच्या खेळाचा नमुना होता. सूत्रधार पदे म्हणे, गणपती येई, मयूरावर आरूढ झालेली सरस्वती नाचत प्रवेश करी आणि पुढे राक्षस आपल्या आरोळ्यांनी व तलवारीच्या हातांनी रंगभूमी दणाणून सोडत. सरस्वतीचे सोंग घेणाऱ्याला गाता आले नाही तरी चालण्यासारखे होते, कारण गाण्याचा भार सूत्रधारावर होता. पाऊल मात्र तालात पडलेच पाहिजे. राक्षसपार्टीची निवडही छातीवर आणि अंगातल्या जोरावर होत असणार, हे त्या खेळांची वर्णने वाचताना सहज लक्षात येते. या नाटकांचे लिखित शब्द थोडे आणि शरीर मोठे होते.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि पारडे फिरले. पदे आता पात्रांच्याच तोंडी आली. साहजिकच पात्रनिवडीची कसोटी गळा ही झाली. भाऊराव कोल्हटकरांपासून बालगंधर्वांपर्यंतची परंपरा आपण आठवतो ती गायक नटांची आणि रूपाची. बालगंधर्वांचे चालणे, पदर सावरणे, मान वळवणे यांविषयी पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले आहे, म्हणजे आंगिक अभिनय तेथे होताच. परंतु त्याला नाच म्हणणे त्या काळच्या रसिकाला रुचले नसते. संगीत नाटकाने प्रतिष्ठा मिळवली ती शास्त्रोक्त गाण्याच्या आधारे. नाच हा त्या प्रतिष्ठेच्या आड येणारा विषय होता.

तो गेला कोठे? तो तमाशात होताच आणि तेथेच राहिला. शाहिरी काळापासून फडात नाच्या पोऱ्या स्त्रीवेष घेऊन नाचे. पुढे स्त्रिया उभ्या राहिल्या. पठ्ठे बापूरावांच्या फडातील पवळा हिचे नाव तमाशातील पहिली स्त्री कलावंत म्हणून घेतले जाते. बापूराव जन्माने ब्राह्मण आणि पवळा महार समाजातील, ही गोष्ट केवळ चरित्राचा तपशील नव्हे. महार, मांग, कोल्हाटी या समाजांनी नाचायचे आणि इतरांनी बसून पाहायचे, अशी ही विभागणी होती. कोण नाचणार हे येथे चाचणी घेऊन ठरत नव्हते. ते जन्माने ठरलेले असे. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ या कादंबरीत कसलेल्या शरीराचा गुणा फडासाठी नाच्या होतो. त्याची शोकांतिका नाचता न येण्याची नाही. उत्तम नाचता येऊ लागल्यावर गाव त्याच्याकडे ज्या नजरेने पाहू लागते, तिची आहे. नाचणाऱ्या शरीराला आपल्या समाजात काय किंमत मोजावी लागते, हे रंगभूमीच्या एखाद्या इतिहासग्रंथापेक्षा ही कादंबरी नेमकेपणाने सांगते.

१ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनी करण्याला सुशिक्षित रंगभूमीवर मान्यता मिळू लागली. मात्र हे वास्तवदर्शी दिवाणखान्याचे नाटक होते. त्यातल्या शरीराने खुर्चीवर बसायचे, चहा घ्यायचा, खिडकीबाहेर पाहायचे. भरतांची पहिली अडचण सुटली, स्त्रिया आल्या. कैशिकी मात्र दाराबाहेरच राहिली.

२

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ने विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्ये कृष्णदेव मुळगुंद यांची होती. मोहन आगाशे नाना फडणवीस झाले आणि रमेश टिळेकर घाशीराम.

संहितेच्या आरंभीच बारा ब्राह्मण एका ओळीत उभे असतात. गणपती, सरस्वती आणि लक्ष्मी नाचत येतात आणि नमन होते. म्हणजे १८४३ सालची ती नाचणारी सरस्वती जवळजवळ एकशे तीस वर्षांनी पुन्हा मराठी रंगमंचावर आली, परंतु या वेळी तिच्यामागे एक रांग डोलत होती. या रांगेचे काम पाहण्यासारखे आहे. ती पाठ फिरवते तेव्हा भिंत होते आणि तिच्यामागे जे घडते ते दिसेनासे होते. ती वळते तेव्हा पुण्याचे ब्राह्मण होते. तीच बावनखणीत जाणारे गिऱ्हाईक होते, तीच कीर्तनाला बसलेला श्रोतृवर्ग होते. देवळातला अभंग आणि बावनखणीतली लावणी तिच्याच तोंडून, काही वेळा एकाला लागून एक, ऐकू येतात. अखेरीस दगड मारणारा जमावही तीच होते.

या भूमिकांसाठी माणसे निवडायची झाली, तर कोणती पात्रता पाहावी लागेल? पहिली गोष्ट, गाता आले पाहिजे आणि तेही डोलता डोलता. श्वास आणि पाऊल यांची सांगड बसलेली हवी. चंद्रकांत काळे, रवींद्र साठे यांच्यासारखे गाणारे या संचात होते, हे येथे ध्यानात घ्यावे. दुसरी गोष्ट, लय अंगात हवी, पण ती दाखवण्याची हौस नको. रांगेतला एक माणूस उठून दिसला की भिंतीला भगदाड पडते. तिसरी गोष्ट याच्या उलट आहे. क्षणभर त्याच रांगेतून एक भटजी सुटा होतो, सूत्रधाराशी थापा मारतो, हात पोळून घेतो आणि पुन्हा रांगेत विरून जातो. तेव्हा तो नट असला पाहिजे. नाव नसलेला समूह आणि चेहरा असलेली व्यक्ती, यांच्यामधली ये-जा हीच या भूमिकांची खरी अवघड बाजू आहे.

पुण्यात नृत्याचे शिक्षण घेतलेली माणसे तेव्हा नव्हती असे नाही. तरीही या नाटकाची रांग शास्त्रीय नर्तकांची नव्हती. ती हौशी, शिकलेल्या, नोकरी-व्यवसाय सांभाळून नाटक करणाऱ्या तरुणांची होती. दिग्दर्शक स्वतः डॉक्टर, नाना झालेले आगाशेही वैद्यकीय क्षेत्रातले. यात सोयीचा भाग असणार हे उघड आहे, कारण हौशी संस्था आपल्या सभासदांतूनच नाटक बसवते. परंतु या निवडीचा जो परिणाम झाला तो सोयीच्या पलीकडचा आहे. कथकमध्ये कसलेला देह समेवर येताना एक सिद्धी प्रकट करतो. उभे राहण्याची त्याची रीतच सांगते की, हा नर्तक आहे. प्रेक्षक त्याचे कौशल्य पाहतो आणि दाद देतो. ‘घाशीराम’च्या रांगेत प्रेक्षकाला कौशल्य दिसायला नको होते. ओळखीचे शरीर दिसायला हवे होते. कचेरीत, बँकेत, देवळाच्या मंडपात रोज दिसणारे शरीर तालावर डोलू लागले की जी अस्वस्थता निर्माण होते, ती निष्णात नर्तकाला कितीही परिश्रम करून निर्माण करता आली नसती.

अर्थात हौशी शरीर म्हणजे कच्चे शरीर नव्हे. रांगेची शिस्त ही कसून केलेल्या तालमीची शिस्त होती. मुळगुंदांच्या रचनेचे मर्म आम्हांला येथे दिसते. कीर्तनातला डोल, नमनातली पावले, लावणीचा ठेका हे सारे मराठी माणसाच्या अंगात थोडेफार असतेच. त्या असण्याला नीट वळण लावून त्याची रांग बांधायची, एवढेच या रचनेने केले आणि ते पुरेसे ठरले.

३

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘ओक्लाहोमा!’ या संगीतिकेत अ‍ॅग्नेस डी मिल यांनी पहिल्या अंकाच्या अखेरीस स्वप्ननृत्य बसवले. त्यात नायक-नायिकेच्या भूमिका गाणाऱ्या नटांनी केल्या नाहीत. स्वप्नापुरते त्यांच्या जागी निष्णात नर्तक आले. नायिका गाताना एक आणि स्वप्नात दुसरीच, हे प्रेक्षकाने स्वीकारले, कारण स्वप्नातला आपण हा नाही तरी दुसराच असतो. ‘घाशीराम’नंतर काही महिन्यांनी, जुलै १९७३ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने पीटर शॅफर यांचे ‘इक्वस’ हे नवे नाटक आणले. त्यात घोड्यांच्या भूमिका माणसांनी करायच्या होत्या. धातूच्या जाळीचे मुखवटे आणि उंच खूर बांधून नट उभे राहिले. त्यांचे चेहरे झाकलेले नव्हते. मूकाभिनयाची आखणी क्लोद शाग्रें यांची होती. पाळीव जनावराची गोडगोजिरी नक्कल नको, अशी लेखकाची स्पष्ट सूचना होती. तेथे शोधायचे होते ते मान किंचित वळवून घोडा उभा करू शकणारे आणि बाकीचा वेळ स्थिर राहू शकणारे देह.

पहिल्या उदाहरणात भूमिकेची दोन शरीरांत वाटणी झाली, दुसऱ्यात माणसाच्या शरीरावर माणसापलीकडचे काही चढवले गेले. ‘घाशीराम’चा मार्ग या दोहोंहून निराळा आहे. येथे नाचणारा दुसरा कोणी नाही आणि घोडाही नाही. तो पाहणारा आहे. तमाशाच्या फडापुढे आजवर जो बसून होता, त्यालाच उठवून नाचायला लावले आहे. बावनखणीत गुलाबी नाचते हे अपेक्षित आहे. परंतु तिच्यापुढे बसलेले प्रतिष्ठित जन, आणि सर्वांवर कडी म्हणजे स्वतः नाना फडणवीस, हेही येथे नाचतात. शतकानुशतके खालच्या मानलेल्या जातींच्या शरीरावर टाकून दिलेला नाच या नाटकाने उचलला आणि ज्यांनी तो टाकला होता त्यांच्या अंगावर घातला.

या नाटकावरच्या वादाकडेही आम्हांला या बाजूने पाहावेसे वाटते. १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. नाना फडणविसांची आणि ब्राह्मण समाजाची बदनामी झाली, इतिहासाचा विपर्यास झाला, असे आक्षेप होते. १७९१ साली घाशीरामच्या कैदेत ब्राह्मण गुदमरून मेले आणि त्यानंतर जमावाने त्याला ठार केले, हा इतिहास सर्वांना ठाऊक होता. मोरोबा कान्होबांनी त्याच्यावर १८६३ सालीच पुस्तक लिहिले होते. राजकीय मुत्सद्द्याच्या दोषांची चर्चा मराठीत नवीन नव्हती. नवीन होते ते त्या मुत्सद्द्याचे ठेक्यावर हलणारे शरीर. हा दोष शब्दांत सांगितला असता तर तो पुराव्यांनी खोडता आला असता. पावलांनी सांगितलेल्या गोष्टीचे खंडन कसे करणार? वाद केवळ नाचामुळे झाला असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या वादाची धार संहितेच्या वाचनाने नीट कळत नाही, ती त्या देहांकडे पाहूनच कळते. नाटक थांबले तरी संच विस्कटला नाही. त्यातल्या मंडळींनी १९७३ मध्ये ‘थिएटर अ‍ॅकॅडमी’ स्थापन केली, १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले आणि १९८० मध्ये हे नाटक युरोपात गेले. एखादा नायक बदलून नाटक चालवता येते. बारा जणांची एक श्वासाने चालणारी रांग दुसऱ्या संस्थेने सहज उभी केली असती असे वाटत नाही. नाटक टिकवायचे तर ती माणसे एकत्र राहणे भाग होते.

४

येथवर या निवडीचे समर्थन झाले. तिची दुसरी बाजू मांडली नाही तर हा लेख अपुरा राहील.

या नाटकात पेशाने नाचणारे एकच पात्र आहे, ते म्हणजे गुलाबी. घाशीराम तिच्या दारी चाकरी करतो, तिच्याबरोबर नाचतो, तिच्याच माणसांकडून लुबाडला जातो. त्यानंतर नाटक तिला मागे टाकून पुढे जाते. समीक्षेनेही तिला असेच मागे टाकले आहे. भिंतीवर आपण भरपूर लिहिले. भिंतीपुढे जी नाचली तिच्याविषयी चार ओळी सापडणे कठीण. ‘घाशीराम’च्या आधी वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ पासून तमाशाचा बाज मध्यमवर्गीय नाट्यगृहात रुजवला होता, पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ आले. लोकनाट्याच्या या साऱ्या लाटेत ठेका आला, गण-गवळण आली, सोंगाड्या आला. ज्या स्त्रियांनी ते पाऊल पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्या या वाटेने नाट्यगृहात फारशा आल्या नाहीत. त्यांचे नाव घ्यायचे तर आपण विठाबाई नारायणगावकर किंवा यमुनाबाई वाईकर यांच्या पुरस्कारांच्या निमित्ताने घेतो, नाटकाच्या इतिहासात नव्हे.

अलीकडच्या काळात या बाबतीत एक महत्त्वाचे पाऊल पडले. भूषण कोरगावकर यांनी ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहिले आणि त्यातून सावित्री मेधातुल यांच्यासह त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग २०१५ च्या सुमारास उभा राहिला. त्यात लावणी करायला शहरातल्या प्रशिक्षित नर्तिका निवडल्या नाहीत. शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या बारीतल्याच कलावंत आल्या. येथे पात्रनिवड हाच प्रयोगाचा आशय झाला. बसून केलेल्या अदाकारीत भुवई किती उचलायची, शब्द कोठे अडवायचा आणि पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाची नजर कशी पकडायची, हे ज्या देहाने आयुष्यभर केले तो देह पर्याय म्हणून दुसरा आणता येत नाही. ‘घाशीराम’ला निष्णात नर्तक नको होते, येथे निष्णातपणाखेरीज दुसरे काही चालणारे नव्हते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य आहेत, कारण दोन्ही ठिकाणी निवड आशयातून झालेली आहे. पहिल्यात पाहणाऱ्यांना नाचवायचे होते, दुसऱ्यात नाचणाऱ्यांना बोलते करायचे होते.

म्हणून नव्या नाटकासाठी ‘नृत्य येत असल्यास प्राधान्य’ अशी सूचना वाचली की आम्हांला ती अपुरी वाटते. कोणते नृत्य, कोणापुढे केलेले आणि कशासाठी, हे त्यातून कळत नाही. दिग्दर्शकाने आधी हे ठरवायला हवे की, प्रेक्षकाने या देहाचे कौशल्य पाहावे, की या देहात स्वतःला पाहावे, की ज्याच्याकडे आजवर नीट पाहिले नाही अशा माणसाला पाहावे. या तीन अपेक्षांसाठी तीन निरनिराळी माणसे लागतात.

साहित्याच्या वर्गात ही चर्चा का करायची, असे कोणी विचारेल. आपण ‘घाशीराम’ शिकवतो ते पुस्तक हाती घेऊन. ‘मानवी भिंतीचे प्रतीक स्पष्ट करा’ असा प्रश्न परीक्षेत येतो आणि विद्यार्थी सत्तेची भिंत, दांभिकतेची भिंत, मौनाची भिंत असे मुद्दे लिहून मोकळे होतात. ही उत्तरे चुकीची नाहीत. परंतु प्रतीक म्हणता क्षणीच बारा घामेजलेले देह नाहीसे होतात आणि त्यांच्याबरोबर नाटकाचा निम्मा अर्थही जातो. वर्गातल्या बारा मुलांना एकदा ओळीत उभे करून एखादा साधा अभंग डोलत म्हणायला सांगावा. कोण लाजतो, कोण पुढे सरसावतो, कोण मागे सरकतो हे बाकीच्यांनी पाहावे, आणि मुलींना त्या ओळीत घ्यायचे की नाही, यावर जी कुजबुज सुरू होईल तीही लक्ष देऊन ऐकावी. नाचणार कोण, हा भरतांपुढचा प्रश्न त्या कुजबुजीत अजून जिवंत असल्याचे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.